दुधाच्या वहीतील एक ओळ

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



शिशुसंगोपनावर चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाने मला आज्ञा केली. प्राथमिक शाळेत 36 वर्षे मास्तरकी केली, एवढाच माझा अधिकार. परंतु मी बोलणार आहे तो बालकांच्या आईबापांविषयी. पहिले मूल घरी आल्यावर पतिपत्नींमध्ये नकळत जो दुरावा शिरतो, त्याचे मूळ मला आपल्या एका चांगल्या रूढीतच दिसते.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत आहे. तीत शहाणपण आहेच. मुलीला विश्रांती मिळते, आईच्या हातचे डिंकाचे आणि अळिवाचे लाडू मिळतात, शेकशेगडी होते. बाळाचा पिता मात्र बारशाला जावईबापू म्हणून जातो, पाहुणचार घेतो, पाळण्यात डोकावतो आणि परततो. दोन-तीन महिन्यांनी पत्नी घरी येते, तेव्हा बाळाच्या रडण्यातील भेद तिला कळू लागलेले असतात. याला त्याची मान सावरून धरणेही जमत नाही. तिला शिकवण्यास उसंत नसते आणि याला विचारण्यास संकोच वाटतो.

माझ्या घरी हेच घडले. शाळा, त्यानंतर दोन शिकवण्या, आणि पगार पत्नीच्या हाती ठेवला की कर्तव्य संपले, अशी माझी समजूत होती. थोरला चार महिन्यांचा असेल. महिनाअखेरीस दुधाची वही तपासताना एका तारखेपुढे, 'एक लिटर' या नोंदीखाली, बारीक अक्षरांत लिहिलेले आढळले : 'आज बोलायचे आहे.' ती तारीख अकरा दिवसांपूर्वीची होती! विचारले तेव्हा ती म्हणाली, "आता काय बोलायचे होते, तेही आठवत नाही." मुलांच्या वह्यांतील एक वेलांटी न सोडणारा मी, त्या रात्री मला झोप लागली नाही.

पहाटे तीनला बाळ रडले. तिचे पाजून होताच मी त्याला खांद्यावर घेतले, ढेकर काढली, लंगोट बदलला. माझी ती धडपड पाहून ती हसली. कित्येक दिवसांनी हसली. त्या दिवसापासून पहाटेची पाळी माझी झाली, आणि त्या पाव तासात आमचे बोलणे पुन्हा सुरू झाले. धाकटीच्या वेळी मे महिन्याच्या सुटीत मी सासुरवाडीस राहिलो व दुपटी धुतली. सासूबाईंना ते मुळीच रुचले नाही!

नवजात बालकास दर दोन-तीन तासांनी पाजावे लागते. पाजणे आईचे, बाकीचे सारे बापाला येण्याजोगे आहे. 2017 च्या दुरुस्तीने नोकरदार मातेस पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची रजा मिळू लागली. केंद्र सरकारच्या सेवेतील पित्यास 15 दिवस मिळतात. ते केवळ पेढे वाटण्यात घालवू नयेत. घरातील वडीलधाऱ्यांनीही संध्याकाळी अर्धा तास नातवंड सांभाळावे आणि त्या दोघांना देवळापर्यंत पाठवावे. बाळंतीण दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास राहिली, वरचेवर रडू लागली, तर त्यास नखरे म्हणू नये, डॉक्टरांकडे न्यावे.

आमच्या सौभाग्यवती समोरच बसल्या आहेत. वहीचा प्रसंग सांगण्याची अनुज्ञा मी काल मागितली. मी लंगोट उलटा बांधला होता, तेही सांगावे, या अटीवर ती मिळाली. ते सांगून आपली रजा घेतो.