'जसहरचरिउ' : कानासाठी रचलेली कथा
(व्याख्यानाची संहिता)



यशोधर राजाची कथा आपणांपैकी बहुतेकांनी पाठशाळेत ऐकली आहे. पिठाच्या कोंबड्याचा बळी दिल्याने राजाला आणि त्याच्या मातेला भोगावी लागलेली जन्मपरंपरा आपणांस ठाऊक आहे. परंतु ही कथा आपल्यापर्यंत आली ती गद्य गोषवाऱ्याच्या रूपाने. आणि त्या वाटेवर तिचा नाद हरपला. आज मी त्या नादाविषयी बोलणार आहे.

दहाव्या शतकात राष्ट्रकूटांच्या मान्यखेट नगरीत, म्हणजे आजच्या मळखेड येथे, महाकवी पुष्पदंतांनी नन्न या मंत्र्याच्या आश्रयाने अपभ्रंश भाषेत 'जसहरचरिउ' हे चार संधींचे काव्य रचले. डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिलेली त्याची प्रत १९३१ साली कारंजा ग्रंथमालेत प्रसिद्ध झाली.

प्रत्येक संधीत अनेक कडवके असतात. कडवकातील चरण बहुधा सोळा मात्रांचे, चार-चार मात्रांच्या गटांनी चालणारे. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन. आता नायकाचेच नाव पाहा. संस्कृत 'यशोधर' मोजले तर पाच मात्रा भरतात. अपभ्रंश 'जसहर' मोजले तर नेमक्या चार! संस्कृत रूप एका गटात मावत नाही, लोकभाषेतील रूप चपखल बसते. या भाषेला भ्रष्ट म्हणणाऱ्यांनी एवढे तरी मोजून पाहावयास हवे होते.

दोन-दोन चरणांना अंत्ययमक असते. संस्कृत महाकाव्याला यमकाची सक्ती नव्हती; अपभ्रंश कवींनी मात्र ते पद्याचे अंगच मानले. कडवकाच्या शेवटी वेगळ्या छंदातील 'घत्ता' येते. चाल बदलली की श्रोत्याला कळते, प्रसंग पुरा झाला. आपल्या ओवीतही तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड, मोकळा असतो. ओवी घत्तेपासूनच निघाली असे मी म्हणणार नाही. परंतु दोन्ही रचना ऐकणाऱ्याला विसावा देतात, हे खरे.

कोल्हापूरकरांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. १९३० नंतरच्या दशकात आपल्या राजाराम महाविद्यालयात डॉ. आ. ने. उपाध्ये अर्धमागधी शिकवीत होते आणि माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, फारसी. १९३७ साली उपाध्यांनी संपादिलेला 'परमात्मप्रकाश' हा अपभ्रंश ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी पटवर्धनांच्या 'छंदोरचने'ची वाढविलेली आवृत्ती. मात्रांवर चालणाऱ्या पद्याला पटवर्धन 'जाती' म्हणतात. पुष्पदंतांचे कडवक समजून घ्यावयास तो ग्रंथ हाताशी असावा.

आता पुनरावृत्तीकडे वळू. पाठशाळेत शिकविताना मी स्वतः जन्मांची ही यादी कित्येकदा आवरती घेतली आहे. मुले कंटाळतात अशी माझी समजूत. ती माझी चूक होती. राजा मोर होतो, माता श्वान होते. पुन्हा मरण, पुन्हा जन्म, प्रत्येक वेळी दोघे एकमेकांच्या जवळपास आणि बहुतेक वेळी आपल्याच राजघराण्याच्या हातापायांशी. शेवटी दोघेही कोंबडा-कोंबडी होतात. पिठाचा कोंबडा मारला, तो सजीव होऊन परतला! यमक जसे ऐकलेला ध्वनी पुढच्या चरणात परत आणते, तसे कथेत कर्म परत येते. यादी गाळली की हे परत येणेच गळते, आणि उरतो तो नुसता उपदेश.

नावेही अशीच परततात. यशोधराचा पुत्र यशोमती. त्याच्या पोटी जन्मणारी जुळी भावंडे अभयरुची आणि अभयमती. पूर्वजन्मीचे तेच माता-पुत्र. 'यश' मागे पडून 'अभय' आले, हा बदल कानाला आधी जाणवतो.

धर्मोपदेश ऐकून तो कोंबडा-कोंबडीचा जोडा आनंदाने आरवतो. यशोमती राजा केवळ आवाजाच्या रोखाने बाण सोडतो आणि दोघांना मारतो. तेच त्याच्या राणीच्या उदरी येतात. न पाहता, आवाज ऐकूनच अचूक वेध घेणारा बाण! जे काव्य ऐकण्यासाठीच रचले गेले, त्यातील हा प्रसंग आपण मूकपणे वाचून पुढे जातो.

आता पहिल्या संधीतील एक कडवक मी म्हणून दाखवितो. आपण चार मात्रांवर हलकी टाळी द्यावी. घत्ता आली की थांबावे.