छेद लहान, दुखणे खरे



दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने पित्ताशय काढून घरी आलेल्या गृहिणीला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : “चार टिचभर छिद्रे, त्यांत एवढे दुखायचे काय?” त्या प्रश्नाचे उत्तर आज तिच्या वतीने द्यावयाचे आहे.

१८८२ साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी पहिल्याने पित्ताशय काढले. पुढे शंभर वर्षे त्यासाठी पोट उघडावे लागे. उजव्या बरगडीखालचा वीतभर छेद स्नायू व मज्जातंतू कापीत जाई. खोकला आला की कळ उठे. रोगी श्वास आखडता घेई आणि छातीत कफ साचे. १९८५ साली जर्मनीत एरिक म्यूहे यांनी हेच काम दुर्बिणीने केले. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी ती पद्धत भारतात आणली.

बहुधा एक छेद बेंबीशी, एक छातीच्या हाडाखाली व दोन उजव्या कुशीकडे असतात. बेंबीशी मध्यरेषेवर मांसल स्नायू कापावा लागत नाही, आणि वणही वळीत लपतो. परंतु खड्यांनी भरलेले पित्ताशय ज्या छेदातून ओढून काढावयाचे, तो ताणावा लागतो. मग तोच अधिक ठणकतो. तो बेंबीचा असेल, तर पुढे हर्निया होऊ नये म्हणून आतला पडदाही नीट शिवावा लागतो. जागा कोणतीही निवडा, काही किंमत द्यावीच लागते. छेदाशी बधिरतेचे औषध टोचले, तर पहिले काही तास सुसह्य जातात.

आता खांद्याचे दुखणे. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा करतात. त्याने श्वासपटल ताणले जाते व चिडते. श्वासपटलाचा मज्जातंतू निघतो मानेतून, आणि खांद्याच्या संवेदनाही तेथेच पोचतात. साहजिकच मेंदूचा पत्ता चुकतो : तक्रार पोटातली, दुखतो खांदा! उरलेला वायू शोषला गेला की बहुधा दोन-तीन दिवसांत हे थांबते. शिवाय यकृताखाली, जेथून पित्ताशय सोडविले, तेथे आतली जखम असतेच. ती कोणाला दिसत नाही इतकेच.

दुखणे दिवसेंदिवस उतरले पाहिजे. ते वाढू लागले, ताप आला, पोट फुगले, डोळे पिवळे दिसले, तर आत पित्त झिरपत असेल अशी शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. छातीत दाटून आले वा धाप लागली, तर “वायूच असेल” म्हणून घरी बसू नये.

आणि घरच्यांनो, तिच्या हाती पाण्याची कळशी देण्यापूर्वी छेदाची लांबी मोजू नका. दुखते का, हे तिलाच विचारा, आणि ती सांगेल ते खरे माना.