वेळासच्या वाळूत

मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची मादी कासवं रात्री येतात, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालतात आणि समुद्रात परततात. पूर्वी ही अंडी माणसं उकरून नेत, कोल्हे-कुत्रीही खात. २००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेनं इथं संरक्षण सुरू केलं. कासवांना जपणारा कायदा आधीपासून होता, पण मला मोलाचं वाटतं ते गावकऱ्यांशी बसून बोलणं. आता गावकरीच किनाऱ्यावर उभं राहून पाहुण्यांना समजावतात: अंडी कुंपणात का हलवायची, वाळू जास्त तापली की माद्याच अधिक का निपजतात. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. तेव्हा जा, दोरीमागे थांबा, फ्लॅश मारू नका आणि मुलांना भरपूर प्रश्न विचारू द्या.