राजवाड्याचा दरवाजा



चीन देशात बीजिंग शहरी मी बादशहाचा जुना वाडा पाहिला. १४२० साली तो बांधून झाला. मोठाले दगड कसे आणले? थंडीत रस्त्यावर पाणी ओतले. त्याचा बर्फ झाला. त्यावरून मजुरांनी दगड ओढले.

वाडा उभा राहिला आणि रयतेला दरवाजा बंद! २४ बादशहा तिथे राहिले. १९२४ साली शेवटचा बाहेर पडला. १९२५ पासून वाडा सर्वांना खुला झाला.

रात्री संगीत नाटक पाहिले. तांबडा चेहरा इमानी माणसाचा, पांढरा कपटी माणसाचा. पूर्वी अशी नाटके वाड्यातही होत. आता शेजारी एक शेतकरी नातवाला घेऊन बसला होता.

दगड ओढणाऱ्यांची लेकरे आता त्याच दरवाजातून आत जातात, बरं का!