शाळा आणि मुलांचे मनःस्वास्थ्य



नेरच्या या व्याख्यानमालेत बोलावयाचे म्हणजे कोणता तरी मोठा विषय घ्यावा असा प्रघात आहे. मी मात्र आज शाळेच्या हजेरीपटापासून आरंभ करणार आहे.

माझी सारी नोकरी शाळामास्तरकीत गेली. एका वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा रोज दहा मिनिटे उशिरा येऊ लागला. मी त्याला दाराबाहेर उभा करी. कारण विचारले की तो पोट दुखते म्हणे. मी ओवा खावयास सांगितला. पुढे छडीचा धाकही घातला. त्याच वर्षी कर्जाच्या ओझ्याखाली त्याच्या वडिलांनी आपले जीवन संपविले होते. ही वार्ता मला ठाऊक नव्हती असे नाही. मी स्वतः त्यांच्या घरी भेटीला जाऊन आलो होतो. तरीही त्या पोटदुखीचा आणि त्या दुःखाचा संबंध माझ्या ध्यानात आला नाही.

तो आला आमच्या शिपायाच्या ध्यानात. हा मुलगा मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ पाण्याच्या टाकीपाशी बसे. एके दिवशी शिपाई मला म्हणाला, “गुरुजी, थो पोरगा हजेरी झाल्यावरच येते. तुमी रोज त्याच्या बापाचं नाव घेता ना!” आपल्याकडे हजेरी पूर्ण नावाने घेतात: मुलाचे नाव, बापाचे नाव, आडनाव. जे नाव घरात कोणाच्या तोंडून निघत नव्हते, ते मी रोज सकाळी भर वर्गात मोठ्याने पुकारीत होतो. दुसऱ्या दिवसापासून मी सर्वांचीच हजेरी नुसत्या नावाने घेऊ लागलो. हळूहळू मुलगा वेळेवर येऊ लागला. त्याचे दुःख संपले असे मी म्हणत नाही. शाळेने त्यावर रोज जी खपली काढली जात होती, ती थांबली एवढेच.

हे त्या शिपायाला का कळले आणि मला का कळले नाही? मी काही निर्दय माणूस नव्हतो. परंतु माझ्या हाती गुण होते, छडी होती आणि संपवावयाचा अभ्यासक्रम होता. शिपायाजवळ यांपैकी काही नव्हते. त्याच्याजवळ होती फक्त बसावयाला जागा आणि ऐकावयाला कान.

आपण म्हणाल, साने गुरुजी शिक्षकच होते ना? होते. १९२४ ते १९३० या काळात त्यांनी अमळनेरच्या शाळेत शिकविले. परंतु ते तेथील छात्रालयात मुलांबरोबर राहत, त्यांची आजारपणे काढीत, त्यांच्यासाठी स्वहस्ते दैनिक लिहीत. म्हणजे प्रेमाबरोबर त्यांनी मुलांना आपला सारा वेळही दिला. आजच्या शिक्षकाने गुरुजी व्हावे असे म्हणणे सोपे आहे. पण वर्ग, परीक्षा आणि सरकारी तक्ते यांतून त्याला तेवढा वेळ कोण देणार?

ही केवळ माझी समजूत नव्हे. गोव्याच्या ‘संगाथ’ या संस्थेच्या पुढाकाराने २०१५-१६ साली बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ शाळांत एक प्रयोग झाला. काही शाळांत नववीच्या मुलांच्या मनःस्वास्थ्याचे काम तेथल्याच शिक्षकाकडे सोपविले. काहींत त्याच कामासाठी स्वतंत्र माणूस नेमला. हा माणूस मानसोपचाराचा पदवीधर नव्हता. त्याची तयारी मात्र नीट करून घेतली होती. मुलांनी मनातले लिहून टाकावे म्हणून पेटी ठेवली, भित्तिपत्रक चालविले, एकेकट्याला भेटून त्याचे म्हणणे ऐकले. जेथे स्वतंत्र माणूस होता, तेथे मुलांतील दांडगाई, मारहाण आणि खिन्नता कमी झाली. शाळा आपलीशी वाटू लागली. जेथे हे काम शिक्षकाच्या गळ्यात घातले, तेथे म्हणण्याजोगा फरक पडला नाही. २०१८ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध झाले. यात शिक्षकाची निंदा नाही. त्याच्या पाठीवर किती ओझे आहे याचे हे माप आहे.

या प्रश्नाची निकड सांगणारा एकच आकडा देतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत महाराष्ट्रातील १,७६४ होते, आणि हा आकडा सर्व राज्यांत मोठा होता. आपल्या राज्याने २०१६ साली दहावीच्या गुणपत्रिकेवरचा ‘नापास’ हा शब्द काढून त्या जागी ‘कौशल्य विकासास पात्र’ असे लिहिले. हेतू चांगला होता. परंतु कागदावरचा शब्द पुसला म्हणून घरातला आणि गल्लीतला शब्द पुसला जात नाही.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यासंबंधी निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक योग्य समुपदेशक असावा; लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध ठेवावा; आणि शिक्षक व शिक्षकेतर, दोन्ही सेवकांना वर्षातून दोनदा या कामाचे शिक्षण द्यावे. ‘शिक्षकेतर’ हा शब्द वाचताना मला आमचा शिपाई आठवला.

आता आपल्या नेरचे पाहू. येथे कापूस-सोयाबीनचा हंगाम बिघडला की घरातली काळजी दप्तरात बसून शाळेत येते. तेव्हा शाळा चालविणाऱ्यांना माझी विनंती आहे की, गुण न देणारा एक माणूस प्रत्येक शाळेत असू द्या. शिपाई आणि खिचडी शिजविणाऱ्या बाई यांनाही प्रशिक्षणाला बसवा. दुखणे खोल दिसले तर मुलाला ‘वेडा’ न म्हणता यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची वाट धरा. रात्री-अपरात्री जीव घाबरला तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते, तो शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा.

आणि पालकहो, आज घरी गेल्यावर मुलाला गुण विचारण्याआधी आज शाळेत कोणाजवळ बसला होतास, एवढे विचारा. उत्तर यावयाला चार दिवस लागले तरी थांबा. माझ्या हातून जे राहिले ते आपल्या हातून राहू नये, एवढ्यासाठी मी येथे उभा राहिलो.