लाइन गेल्यावर सोलर का बंद पडतं?



3 जून 2020 ची दुपार रायगडकरांना वेगळी सांगायला नको. निसर्ग वादळ किनाऱ्याला धडकलं, विजेचे खांब आडवे झाले, आणि कित्येक गावांत वीज परतायला आठवडे लागले. नुसत्या अंधाराचं कुणी मनावर घेतलं नसतं. पण पंप बंद म्हणून पाणी नाही, टॉवर बंद म्हणून आखातातल्या मुलाला ‘आम्ही ठीक आहोत’ एवढंही कळवता येईना. वर कोरोनाचे दिवस.

हल्ली मशिदीच्या छतावर सोलर बसवायची चर्चा जमातीत निघते. चांगलंच आहे, बिल वाचतं. पण एक गोष्ट आधी समजून घ्या. नेट मीटरचं साधं सोलर लाइन गेली की आपोआप बंद पडतं, अगदी भर उन्हातसुद्धा. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. म्हणजे नेमक्या वादळानंतर वर पॅनेल आणि खाली अंधार!

मायक्रोग्रिडचा फरक इथे आहे. लाइन गेली की ती मुख्य जाळ्यापासून स्वतःला तोडून घेते आणि बॅटरीच्या जोरावर आपल्यापुरती चालत राहते. प्वेर्तो रिकोत 2017 साली मारिया वादळाने सगळ्या बेटाची वीज गेली. आदखुंतास गावात ‘कासा प्वेब्लो’ या स्थानिक संस्थेच्या इमारतीत मात्र सोलरवर दिवे चालू होते. लोक तिथे फोन आणि श्वासाची यंत्रं चार्ज करायला येत. पुढे त्याच गावात दुकानांच्या छतांवर पॅनेल घालून मायक्रोग्रिड उभी राहिली.

आता दुसरी बाजू. बिहारच्या धरनईत 2014 ला 100 किलोवॉटची सोलर मायक्रोग्रिड आली, देशभर गाजली. लोकांना मात्र फ्रिज, टीव्ही चालवणारी ‘असली बिजली’ हवी होती. सरकारी लाइन आली, ती स्वस्तही होती. मग बॅटऱ्या संपल्या आणि त्या आवारात गुरं बांधली जाऊ लागली. मला या गावाची गोष्ट जास्त उपयोगाची वाटते. पॅनेल वीसेक वर्षं टिकतात, बॅटरी त्याआधीच बदलावी लागते. त्यासाठी दरमहा पैसे कोण बाजूला काढणार, हे तिथे नीट ठरलेलं नव्हतं असं दिसतं.

म्हणून कोटेशन मागवण्याआधी एक वही घ्या. लाइन नसताना काय चाललंच पाहिजे ते लिहा: पाण्याचा पंप, इन्शुलिनचा फ्रिज, फोन चार्जिंग, चार दिवे. एसी त्यात नको, भांडण झालं तरी चालेल. ही यादी बायकांना विचारल्याशिवाय पुरी होणार नाही. पाणी कुणी भरलं होतं, आठवा. जून-जुलैत ढगांमुळे पॅनेल कमी वीज देतात, हिशोब त्याच महिन्यांचा धरा. पॅनेलचा सांगाडा वाऱ्याला टिकेल का, हेही इंजिनिअरकडून लिहून घ्या. आणि मशिदीच्या मीटरवरून शेजाऱ्याच्या घरात वायर टाकू नका, त्याला परवानगी लागते. चार्जिंगचे पॉइंट मशिदीच्या ओट्यावरच द्या, सगळ्या गावासाठी, कुणाचा धर्म न विचारता.