मान ताठ राहावी म्हणून

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात अमरगोळ येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणेशोत्सवात मानदुखीवर काय बोलायचं, असा प्रश्न आम्हालाही पडला होता. मग समोरच्या मूर्तीकडे पाहिलं. हत्तीचं एवढं मोठं डोकं पेलूनही बाप्पानं कधी कुरकूर केलेली नाही. गंमत अशी की हत्तीच्या मानेत 7 मणके असतात, जिराफाच्या उंच मानेत 7 आणि आपल्या मानेतही 7च. माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं. मान सरळ असली की हे वजन मणक्यांवर नीट तोललेलं राहतं. मान पुढे वाकली की ते पेलायचं काम मागच्या स्नायूंवर येतं, आणि तासन् तास वाकलेली राहिली की ते स्नायू तक्रार करू लागतात.

आपल्याकडे ही तक्रार घरोघरी आहे. मार्केट यार्डातल्या अडत दुकानांवर ज्यांनी वह्या लिहिण्यात आयुष्य घालवलं ते आमच्यात आहेत. शिलाई मशीनवर वाकून मुलांची शिक्षणं केलेल्या मावशी आहेत. रेल्वेतून, बँकेतून निवृत्त झालेले आहेत. उकडीच्या मोदकांच्या कळ्या पाडताना दोन-दोन तास मान वर न करणाऱ्या तर सगळ्याच आहेत. त्यात आता फोनची भर. चिगरी बसमध्ये पाहा, हुबळीपासून धारवाडपर्यंत सगळ्यांच्या माना खाली. आमच्यातल्या एका काकूंचं दुखणं नातवामुळे वाढलं होतं. नातू परदेशात, रोज रात्री तासभर व्हिडिओ कॉल आणि फोन मांडीवर. शेवटी आम्ही फोन साखरेच्या डब्याला टेकवून डोळ्यांच्या उंचीवर ठेवायला लावला. नातू तोच, गप्पा त्याच, मान मात्र सरळ.

आम्ही म्हणजे अमरगोळ आणि नवनगर भागातले अकरा जण. आठवड्यातून तीन सकाळी सतरंज्या अंथरून एकत्र व्यायाम करतो. सुरुवातीला एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी प्रत्येकाला तपासलं, काय करायचं आणि काय नाही ते लिहून दिलं. त्यात थोडा योग आहे, थोडं पिलाटेस आहे.

पिलाटेस म्हटलं की आपल्याला काहीतरी परकं वाटतं. जोसेफ पिलाटेस हा 1883 साली जर्मनीत जन्मलेला माणूस. लहानपणी दम्यानं आणि मुडदुसानं बेजार. शरीर सुधारायच्या ध्यासातून त्यानं व्यायाम रचले, पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या नजरकैदेत असताना ते सोबतच्या कैद्यांनाही शिकवले आणि पुढे न्यूयॉर्कला जाऊन शाळा काढली. पोट, पाठ आणि खांदे यांचे आतले स्नायू सावकाश, श्वासाच्या लयीत बळकट करायचे, हे त्याचं सूत्र.

आता दुसरा आजारी मुलगा. बी. के. एस. अय्यंगार, जन्म 1918, कर्नाटकातल्याच बेल्लूरचे. बालपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय, सगळं अंगावर काढलेलं. त्यांची गोष्ट आपल्या गावाशी जोडलेली आहे, हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसेल. 1936 साली त्यांचे गुरू कृष्णमाचार्य म्हैसूरहून शिष्यांना घेऊन आपल्या भागात आसनांची प्रात्यक्षिकं दाखवायला आले. धारवाडच्या काही स्त्रियांनी शिकायची इच्छा दाखवली. शिष्यांमध्ये वयानं लहान म्हणून ते काम अय्यंगारांकडे आलं. तेव्हा त्यांना अठरावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. त्याच दौऱ्यात बेळगावला डॉ. गोखले या सिव्हिल सर्जननी त्यांना पाहिलं आणि 1937 मध्ये पुण्याला बोलावून घेतलं. सहा महिन्यांसाठी गेलेले अय्यंगार जन्मभर पुणेकर झाले. म्हणजे मराठी मुलखानं ज्यांना आपलं मानलं, त्यांच्या शिकवण्याची सुरुवात आपल्या शेजारीच, धारवाडच्या घरंदाज बायकांपुढे झाली.

पुण्यात त्यांनी जी पद्धत घडवली, तिच्यात खुर्ची, भिंत, पट्टा, लाकडी वीट, घडी घातलेली घोंगडी यांचा आधार घेतात. ज्याचं शरीर वाकत नाही, त्यालाही आसन करता यावं म्हणून. आमच्यासारख्या साठीच्या पुढच्यांना याच आधारांनी तारलं.

या पद्धतीची परीक्षा पुढे जर्मनीतच झाली, पिलाटेसच्या देशात. जुनाट मानदुखी असलेल्या 51 रुग्णांपैकी काहींना 9 आठवडे अय्यंगार योगाचा वर्ग दिला, बाकीच्यांना घरी करायच्या व्यायामांची पुस्तिका. 2013 साली निष्कर्ष छापून आले. वर्गात जाणाऱ्यांचं दुखणं अधिक कमी झालं होतं. वर्षभरानं पुन्हा पाहिलं, तर ज्यांनी सराव चालू ठेवला त्यांचा फायदा टिकला होता. अमेरिकेत 56 जणांवर असाच एक अभ्यास झाला, तो 2016 साली प्रसिद्ध झाला. एका गटाला योग, दुसऱ्याला पिलाटेस, तिसऱ्याला काहीच नाही. 12 आठवड्यांनी योग आणि पिलाटेस या दोन्ही गटांचा त्रास कमी झाला होता आणि त्या दोघांत फरक दिसला नाही. हे अभ्यास लहान आहेत, त्यांवरून फार मोठे दावे करू नयेत. पण आम्ही त्यातून एक गोष्ट उचलली. योग की पिलाटेस, यावर वाद घालत बसू नये. जे झेपेल ते नीट शिकावं आणि सोडू नये.

आणि सोडू नये यासाठीच गट हवा. आमच्यातल्या प्रत्येकानं आधी एकट्यानं करून पाहिलं होतं. दहा दिवस उत्साह, मग पाहुणे, मग पाऊस, मग सतरंजी माळ्यावर. गटात तसं होत नाही. एखादा अण्णा दोन दिवस दिसला नाही की तिसऱ्या दिवशी त्याच्या दारात कुणीतरी उभं असतं. आपली बरीच मुलं पुण्याला, बेंगळूरुला, परदेशी. घरात दोन म्हातारी माणसं, कधी एकच. व्यायामानंतर चहाचा कप हातात घेऊन अर्धा तास बोलणं होतं, त्यानंही खांदे सैल पडतात असा आमचा अनुभव आहे.

करतो काय, ते थोडक्यात. भिंतीला पाठ टेकवून ताडासन. हनुवटी किंचित आत घेऊन मान लांब करणं. दोन्ही खांद्यांची पाती मागे-खाली ओढून धरणं. खुर्चीवर बसून भारद्वाजासन. हात-गुडघ्यांवर येऊन मार्जारासन, ज्यांचे गुडघे परवानगी देतात त्यांनी. पाठीवर झोपून, गुडघे उभे ठेवून, पोट आत घेत एकेक पाय उचलणं, हे पिलाटेसमधलं, डोकं मात्र जमिनीवरच. शेवटी डोक्याखाली घोंगडीची घडी घेऊन शवासन. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन आमच्याकडे पूर्ण बंद. मान गरागरा फिरवणंही बंद. दुखलं की थांबायचं, शेजाऱ्याशी स्पर्धा नाही.

आता आमच्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण आज बोलायला उभं राहिलो ते मुख्यतः त्यासाठी. गटातल्या एका वहिनींच्या हाताला मुंग्या येत होत्या. मग हातातून कप निसटू लागला, ब्लाउजची हुकं लागेनात. आम्हीच त्यांना धीर दिला की हे मानेचंच आहे, व्यायाम चालू ठेवा, सवयीनं जाईल. चालताना तोल जातो असं त्या म्हणाल्या, तेव्हाही आम्ही वयावर नेलं. सुट्टीला आलेल्या त्यांच्या मुलीनं दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. मानेत मज्जारज्जूवर दाब आलेला होता, शस्त्रक्रिया करावी लागली. त्या आता चालतात, गटात येऊन खुर्चीवर बसतात, पण उजव्या हाताची दोन बोटं पूर्वीसारखी झाली नाहीत. यंदा मोदकांच्या कळ्या त्यांनी पाडल्या नाहीत, सारण भरून दिलं. त्यांनी आम्हाला कधी बोल लावला नाही. आम्हाला मात्र ते विसरता येत नाही.

म्हणून ही यादी आम्ही भिंतीवर लावली आहे. हातापायात बधिरपणा किंवा अशक्तपणा, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेली मानदुखी, सोबत ताप किंवा कारण नसताना वजन उतरणं, रात्री झोपूनही न थांबणारं दुखणं. यातलं काहीही असेल तर सतरंजी गुंडाळायची आणि आधी डॉक्टर. मान, जबडा, डावा हात दुखून छातीत दडपण आणि घाम आला, तर ती मानदुखी समजून शेकत बसायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा.

उलट, एक्स-रेवर मणक्यांची झीज दिसली म्हणून घाबरूनही जायचं नाही. पन्नाशीनंतर ती बहुतेकांत दिसते, काहीही न दुखणाऱ्यांतही. केसांचं पांढरं होणं तसं हे. पट्टा घालून महिनोन् महिने मान बांधून ठेवली तर स्नायू आणखी दुबळे होतात. मानेला विश्रांतीइतकीच बेताची हालचाल लागते.

या विसर्जनानंतरच्या सोमवारपासून आमचा वर्ग पुन्हा सुरू होईल. पहिल्या दिवशी व्यायाम नाही, फक्त तपासणी आणि विचारपूस. येताना सतरंजी आणा, घरात जुनी घोंगडी असेल तर तीही. आणि शेजारी कुणी एकटं राहत असेल, तर त्यांनाही सोबत घेऊन या.

 आता सगळ्यांनी एकदा खांदे सैल सोडा, मान वर करा आणि म्हणा,

गणपती बाप्पा मोरया!